जुन्या सायकलीचा सांगाडा कसा ओळखावा

जबलपूर शहराच्या घमापूर, रांझी किंवा नेपियर टाऊन या भागांतील जुन्या घरांत पडवीच्या कोपऱ्याला अथवा जिन्याखाली एखादी उंच, काळी सायकल अद्यापि उभी असलेली दिसते. तिची बैठक फाटलेली असते, टायर केव्हाच कुजून गेलेले असतात आणि साखळी गंजून एकसंध झालेली असते. सांगाडा मात्र सरळ असतो. घरातील वडील मंडळी सांगतात की, ही आजोबांची सायकल, खास विलायतेहून आलेली. भंगारवाला तिचा दर किलोने करतो. हौशी तरुण तिला पॉलिशपेपरने घासून चकचकीत रंग देऊ पाहतो. भंगारवाला सायकल नेतो आणि हौशी तरुण ती राखतो, एवढा भेद असला तरी तिच्या इतिहासाची हानी दोघांकडूनही सारखीच होते. कारण त्या इतिहासाचा पुष्कळसा भाग गंजाखाली, रंगाच्या थरांत आणि लोखंडावर ठोकलेल्या चार-सहा आकड्यांत साठविलेला असतो. तो कसा वाचावा याची माहिती या पुस्तिकेत दिली आहे.

प्रथम सांगाड्याचाच विचार का करावयाचा, हे पाहू. सायकल हे अंशाअंशाने बदलत जाणारे यंत्र आहे. टायर दोन-तीन वर्षांत झिजतात; साखळी, पायडल व छर्रे त्यामागून जातात; चाकांच्या रिमा एखाद्या खड्ड्यात वाकतात. पन्नास वर्षे रोज वापरलेल्या सायकलीत मूळची चाके सापडणे हा अपवादच म्हणावा लागेल. सांगाडा मात्र एकदा पितळी झाळकामाने सांधला की तो सहसा बदलला जात नाही, आणि दुरुस्त केला तर त्याची खूण राहते. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जे. के. स्टार्ली याने इ. स. १८८५ मध्ये 'रोव्हर' ही सारख्या आकाराच्या दोन चाकांची सायकल तयार केली. त्यानंतर थोड्याच वर्षांत सांगाड्याचा जो समभुज चौकोनासारखा आकार रूढ झाला, तोच घरोघरच्या काळ्या सायकलीत आजही दिसतो. वर आडवी दांडी, खाली तिरपी नळी, बैठकीखालची उभी नळी, पुढे हँडलची आखूड नळी आणि मागे चाक धरणारे दोन चिमटे असे त्याचे अवयव होत. ही ठेवण सर्वांची सारखी असल्यामुळे लांबून पाहणाऱ्यास सर्व जुन्या सायकली एकसारख्या वाटतात. त्यांतील भेद जवळ जाऊनच शोधावे लागतात.

जबलपुरात सायकली कोणत्या वाटेने आल्या, हेही ध्यानात ठेवणे उपयोगाचे आहे. मुंबईकडून आलेला व कलकत्त्याकडून आलेला असे दोन लोहमार्ग १८७० साली जबलपूर येथे जोडले गेले. त्यामुळे दोन्ही बंदरांत उतरलेला माल या शहरात येऊ शकत असे. सांगाड्यावर विक्रेत्याची लहान पट्टी शिल्लक असेल तर तीवर मुंबईचे नाव आहे की कलकत्त्याचे, हे म्हणूनच अवश्य पाहावे. पट्टी जबलपूरच्याच दुकानाची असेल तर शहराच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग न्याहाळावे. इंग्रजी अमदानीत ते 'जब्बलपोर' असा उच्चार व्हावा अशा रीतीने लिहिले जाई. आजचे स्पेलिंग स्वातंत्र्योत्तर काळात स्थिरावले. एका शब्दाच्या अक्षरांवरून काळाची एक कड अशी हाती येते.

सायकलींचा व्यापार आपल्याकडे केवढा जुना आहे याची कल्पना मराठी वाचकास एका उदाहरणावरून येईल. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगाव येथील सायकलीच्या दुकानापासून झाला. हवा भरलेल्या टायरचे पेटंट डनलॉप याने घेतले तेही वर्ष १८८८ हेच. म्हणजे जुन्यातील जुनी सायकल आपल्या देशात असणे मुळीच अशक्य नाही. परंतु अशा सायकली फार थोड्या होत्या आणि त्या श्रीमंतांच्या घरी होत्या. जबलपुरात सायकल सामान्य नोकरदाराच्या हाती आली ती पुढे. १९०४ मध्ये येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, लष्कराची छावणी तर होतीच. कारखान्याच्या फाटकातून पाळी सुटताच बाहेर पडणारे सायकलस्वारांचे लोंढे हे या शहराचे दीर्घकाळ नित्याचे दृश्य होते. १९५६ पर्यंत जबलपूर ज्या प्रांतात होते त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे बदलीवर आलेली व येथेच स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही पुष्कळ. अशा कुटुंबांच्या सामानातून वऱ्हाड-नागपूरकडील सायकली येथे आल्या असतील, हीही शक्यता विसरू नये.

आता ओळखीच्या खुणांकडे वळू. बहुतेक लोक पाहतात ती पहिली खूण म्हणजे पायडलाजवळचे दातेरी चाक. नेमकी हीच खूण सर्वांत फसवी आहे. जुने इंग्लिश कारखानदार या चाकाच्या मधल्या भागात आपले बोधचिन्ह कोरून काढीत. रॅले कंपनीच्या चाकात बगळ्याची डोकी असत, रज कंपनीच्या चाकात उघडा पंजा, हंबरच्या चाकात पाच माणसांच्या आकृती आणि बी. एस. ए. च्या चिन्हात एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. बी. एस. ए. ही कंपनी बर्मिंगहॅमच्या बंदुका बनविणाऱ्या कारागिरांनी १८६१ मध्ये स्थापन केली होती, हे त्या चिन्हाचे कारण. तोफगाड्यांच्या गावात बंदुकांचे चिन्ह असलेली सायकल लोकांना विशेष आपली वाटावी हे स्वाभाविक आहे. परंतु ही कंपनी सायकलीचे सुटे भाग तयार करून इतर कारखानदारांनाही विकीत असे. लहानमोठे अनेक कारागीर हे भाग घेऊन आपापल्या नावाच्या सायकली बांधीत. तेव्हा हबवर किंवा दातेरी चाकावर तीन बंदुका दिसल्या म्हणून सायकल त्या कंपनीची ठरत नाही. शिवाय दातेरी चाक पायडलाच्या दांड्यासह कॉटर पिन ठोकून बाहेर काढता येते व दुसऱ्या सायकलीवर बसविता येते. मिस्त्रीच्या दुकानात हे काम अर्ध्या तासाचे आहे.

नावाचीही अशीच गोष्ट. नाव टिकते आणि कारखाना बदलतो. फ्रँक बाउडन याने नॉटिंगहॅम येथे १८८८ मध्ये उभारलेल्या रॅले कंपनीने १९३२ मध्ये हंबरच्या सायकली, १९४३ मध्ये रज कंपनी आणि १९५७ मध्ये बी. एस. ए. चा सायकल-विभाग आपल्या ताब्यात घेतला. १९१० साली बर्मिंगहॅममध्ये स्थापन झालेली हर्क्युलिस कंपनी १९४६ मध्ये ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या उद्योगसमूहाकडे गेली. याच समूहाच्या भागीदारीने मद्रासजवळ अंबत्तूर येथे १९४९ मध्ये कारखाना निघाला आणि हर्क्युलिस हे नाव भारतीय सायकलीवर आले. आसनसोलजवळ १९५० च्या दशकाच्या आरंभी सेन-रॅले कारखान्यात रॅलेच्या धर्तीच्या सायकली होऊ लागल्या. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. १९५१ मध्ये सोनीपत येथे अ‍ॅटलास आणि १९५६ मध्ये लुधियाना येथे हीरो यांचा उदय झाला. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या १९८० च्या कायद्याने राष्ट्रीयीकृत झाल्या. या नामावळीचा आपल्या कामापुरता अर्थ एवढाच की, सायकलीवर इंग्लिश नाव असणे आणि सायकल इंग्लंडमध्ये घडलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'खास विलायती' म्हणून जपलेली सायकल अंबत्तूरची किंवा आसनसोलची निघू शकते. माझ्या मते यात खेद करण्याजोगे काही नाही. स्वतंत्र भारतात प्रथम घडलेला सांगाडा अभ्यासकास परदेशी सांगाड्याइतकाच मोलाचा वाटावा.

मग भरवसा कशावर ठेवावा? सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकावर. हा क्रमांक बहुधा बैठकीच्या दांड्याखालील सांध्यावर, मागील चिमट्याच्या टोकाशी, अथवा पायडलांचा कणा ज्या आडव्या नळकांड्यातून जातो त्याच्या खालच्या बाजूस असतो. या नळकांड्याला मिस्त्री लोक 'बी. बी.' म्हणतात. सायकल उलटी केल्यावाचून ते नीट दिसत नाही. तेथे चिखल व तेल यांचा जाड थर साचलेला असतो आणि त्या थरानेच खालचा मूळ रंग व आकडे यांचे रक्षण केलेले असते. हा थर खरवडू नये. मऊ फडके रॉकेलमध्ये भिजवून तासभर त्यावर ठेवावे, मग हलक्या हाताने पुसावे. आकडे अस्पष्ट असतील तर खोली अंधारी करून बॅटरीचा झोत अगदी तिरपा, पृष्ठभागाला घासून जाईल असा टाकावा. समोरून पडणाऱ्या प्रकाशात न दिसणारी खाच तिरप्या प्रकाशात सावली टाकते. पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी फिरविली तरी छाप उमटते, आणि हा कागद पुढे पुरावा म्हणून ठेवता येतो. तीन आणि आठ, एक आणि सात यांची गल्लत नेहमी होते. म्हणून दोन व्यक्तींनी एकमेकांस न सांगता क्रमांक लिहून घ्यावा व नंतर ताडून पाहावा.

कधी क्रमांकाच्या जागी घासून सपाट केलेला पट्टा आढळतो. चोरीची सायकल विकताना असे करण्यात येत असे. येथे एक चमत्कारिक वाटणारी, पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने अगदी सरळ गोष्ट सांगावयाची आहे. ठसा ठोकताना पोलादाचा केवळ पृष्ठभागच दबत नाही. आकड्याच्या तळाखालील धातूच्या सूक्ष्म स्फटिकांची मांडणीही काही खोलीपर्यंत विस्कटते. वरचा आकडा कानशीने घासून टाकला तरी खाली ही विस्कटलेली मांडणी राहते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ताम्र क्लोराइड यांचे द्रावण त्यावर लावले असता दबलेल्या भागावर त्याची क्रिया भोवतालच्या भागाहून निराळ्या वेगाने होते आणि पुसलेला आकडा काही काळ पुन्हा दिसू लागतो. हे काम घरी करण्याचे नव्हे. न्यायसहायक विज्ञानाच्या प्रयोगशाळेत ते होते. मध्य प्रदेश राज्याची अशी प्रयोगशाळा जबलपूरपासून फार दूर नसलेल्या सागर शहरी आहे.

क्रमांक मिळाला म्हणजे वर्ष मिळाले असे मात्र समजू नये. प्रत्येक कारखान्याची आकड्यांची पद्धत निराळी होती आणि एकाच कारखान्याने ती वेळोवेळी बदललीही. जुन्या सायकलींचा अभ्यास करणारी एक मंडळी इंग्लंडमध्ये १९५५ पासून काम करीत आहे. तिच्यासारख्या अभ्यासकांनी जुनी सूचिपत्रे व माहीत असलेल्या सायकली यांवरून क्रमांकांचे तक्ते जुळविले आहेत. त्यांतून प्रायः दोन-चार वर्षांच्या अंतराने काळ ठरतो. म्हणून क्रमांकाला सांगाड्याच्या घडणीची साक्ष जोडावी लागते.

या घडणीत सर्वांत बोलका भाग म्हणजे सांधे. नळ्यांची टोके ज्या पोलादी बाह्यांत बसविलेली असतात त्यांना कारागीर 'लग' म्हणतात. लगांच्या कडांचा आकार, पुढच्या चिमट्याच्या डोक्याची घडण, हंबरच्या काही सायकलींत दिसणारे चिमट्याचे दुहेरी पाय, या गोष्टी सहसा बदलल्या जात नाहीत. हँडलच्या नळीवरचा पितळी बिल्ला निघून गेला असेल तर त्याच्या रिव्हेटांची भोके पाहावीत. ती उभ्या रेषेत आहेत की आडव्या, त्यांच्यातील अंतर किती, यावरून माहीत असलेल्या बिल्ल्याशी तुलना करता येते. त्याहून पक्की खूण बी. बी. च्या आट्यांत आहे. इंग्लिश सायकलींत सामान्यतः एका इंचात २४ आटे असत. नॉटिंगहॅमच्या रॅले कारखान्याने आपल्या सायकलींत प्रायः २६ ठेवले. आटे मोजण्याची दातेरी पट्टी कोणत्याही चांगल्या लेथ कारखान्यात मिळते. दोन आट्यांचा हा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण पट्टी चुकत नाही. जबलपूरच्या बाजारातील सर्वसामान्य कप एखाद्या सायकलीला बसत नाही अशी तक्रार मिस्त्री करू लागला, तर अभ्यासकाने आनंदच मानावा.

लेपावरूनही काळ कळतो. १९३० च्या सुमारापर्यंत चकाकणाऱ्या भागांवर निकेल चढवीत. ते जुने झाले की किंचित पिवळट दिसते. पुढे क्रोमियम आले, त्याची चकाकी निळसर व थंड असते. महायुद्धाच्या वर्षांत हे दोन्ही धातू युद्धकार्यासाठी राखले गेल्यामुळे इंग्लिश सायकलींचे चमकणारे भागही काळ्या रंगाने रंगविलेले येत. तीन गतींच्या स्टर्मी-आर्चर हबवर तर १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून वर्षाचा आकडाच ठोकलेला सापडतो. ५४ असेल तर १९५४ साल समजावे. तथापि ते वय हबचे असते, सांगाड्याचे नव्हे.

या सर्व खुणा एकत्र कशा वाचावयाच्या, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, जबलपुरातील एका घरी अशी सायकल आहे की जिच्याबद्दल "आजोबांनी १९२८ साली मुंबईहून बी. एस. ए. आणविली" असे सांगण्यात येते. दातेरी चाकावर तीन बंदुका आहेत. येथवर कथा व वस्तू जुळतात. रिमा क्रोमियमच्या आहेत. पण रिमा बदलतात, म्हणून त्या बाजूला ठेवू. बिल्ला नाही. पुढच्या चिमट्याच्या डोक्यावरील रंगाचा एक टवका भिंगातून पाहिला असता वर हिरवा, त्याखाली काळा आणि त्याखाली थेट पोलाद दिसते. निकेलचा मागमूस नाही. ही पहिली शंका. बी. बी. चे कप काढून आटे मोजले, ते २६ भरले. ही दुसरी शंका, आणि ती पुष्कळच गंभीर. कारण सांगाडा आता बर्मिंगहॅमकडून नॉटिंगहॅमकडे झुकतो. शेवटी रॉकेलने पुसलेल्या सांध्यावर क्रमांकाशेजारी एक लहान बाण आणि बाणाखाली इंग्रजी 'आय' हे अक्षर दिसते. रुंद टोकाचा बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण होय. 'आय' जोडलेला बाण हिंदुस्थान सरकारच्या लष्करी सामानावर ठोकीत.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, सांगाडा रॅलेच्या घराण्यातील असून सरकारी, बहुधा महायुद्धाच्या वर्षांतील आहे. १९४५ नंतर लष्कराचे शिलकी सामान मोठ्या प्रमाणावर विकले गेले. छावणीच्या गावात अशी सायकल खाजगी हातात येणे अगदी संभवनीय आहे. बी. एस. ए. चे दातेरी चाक मागाहून बसले. मग घरातील कथा खोटी का? तसे म्हणण्याची घाई करू नये. आजोबांनी १९२८ मध्ये बी. एस. ए. घेतली हे खरे असू शकेल. ती सायकल मोडीत गेली असेल, आणि तिचे चांगले राहिलेले दातेरी चाक काटकसरी मिस्त्रीने या सांगाड्यावर चढविले असेल. घराच्या आठवणीत दोन सायकलींची एक झाली. तसे असेल तर पडवीतील ही वस्तू दोन्ही सायकलींचा अवशेष ठरते, आणि घरच्यांना हे हळुवारपणे सांगणे हाही अभ्यासकाच्या कामाचाच भाग आहे.

हे 'असेल' कितपत पक्के करता येईल ते कागदपत्रांवर अवलंबून आहे. जुन्या पेटीत खरेदीची पावती, दुकानाचे सूचिपत्र, सायकलीसह काढलेले छायाचित्र यांचा शोध घ्यावा. छायाचित्रात दातेरी चाक, ब्रेकच्या दांड्या व दिव्याची कडी स्पष्ट दिसत असतील तर ते पावतीपेक्षाही उपयोगी पडते. अनेक नगरपालिका पूर्वी सायकलीवर वार्षिक कर घेत आणि त्याबद्दल पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला देत. त्यावर वर्ष व क्रमांक असे. हा बिल्ला हँडलखाली तारेने बांधलेला अथवा बैठकीखालच्या चामडी पिशवीत पडलेला सापडतो. सायकल केव्हा जन्मली हे त्यावरून कळत नाही, पण त्या वर्षी ती रस्त्यावर होती एवढे निश्चित कळते.

तपासणी करताना रंग खरवडू नये, आम्ल लावू नये, अडकलेला भाग हातोडीने सोडवू नये. गंजलेल्या नटावर तेल सोडून दोन दिवस थांबावे. दोन्ही बाजूंची, सांध्यांची व क्रमांकाची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येकाशेजारी मोजपट्टी ठेवावी. बैठकीखालच्या उभ्या नळीची लांबी बी. बी. च्या मध्यापासून वरच्या टोकापर्यंत इंचांत मोजावी; सांगाड्याचे माप म्हणून जुन्या सूचिपत्रांत हाच आकडा देतात. जे पाहिले ते एका रकान्यात व जे ऐकले ते दुसऱ्या रकान्यात लिहावे, सांगणाऱ्याचे वय व तारीख नोंदवावी, आणि तो कागद पेन्सिलीच्या छापासह पाकिटात घालून सायकलीजवळच, पण कसर लागणार नाही अशा जागी ठेवावा. रंग द्यावयाचाच असेल तर त्यानंतर द्यावा, आणि बी. बी. खालची दोन बोटांएवढी जागा तशीच सोडावी.